आपल्याच माणसांना जाब विचारणारा संपादक

साने गुरुजी म्हटले की महाराष्ट्राला ‘श्यामची आई’ आठवते आणि डोळ्यांत पाणी येते. त्या पाण्यात गुरुजींचे एक रूप वाहून गेले आहे, ते संपादकाचे. खानदेशातला बंडखोर पत्रकार कोण, असे कोणी विचारले तर मी आधी त्यांचेच नाव घेईन. हळव्या माणसाला बंडखोर म्हणणे अनेकांना खटकेल, पण दुसऱ्याच्या दुःखाने ज्याला झोप लागत नाही, त्याच्याच लेखणीत बंड टिकते.

गुरुजी कोकणातले. जन्म पालगडचा, २४ डिसेंबर १८९९ चा. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे वसतिगृह त्यांच्याकडे आले. तिथे त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढले. छापखाना नाही, वर्गणी नाही, जाहिरात नाही; वाचक म्हणजे वसतिगृहातली मुले. लिहिणाराही एकच. संपादक आणि वाचक एकाच छपराखाली राहत. सकाळी लिहिलेल्या शब्दाबद्दल दुपारच्या पंगतीत कोणीही विचारू शकत होते. ज्यांच्याबद्दल लिहायचे त्यांच्यातच राहायचे, ही सवय गुरुजींना इथे लागली. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे छापील मासिक सुरू केले. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले.

पत्रकाराला ऐकताही यावे लागते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. गुरुजींनी ती प्रवचने ऐकता ऐकता टिपून घेतली. त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले आणि देशातल्या अनेक भाषांत गेले. दुसऱ्याचे बोलणे आपल्या शब्दांचा रंग न चढवता वाचकापर्यंत पोचवायचे, याहून कठीण बातमीदारी कोणती?

त्यांच्या पत्रकारितेची खरी कसोटी मात्र पुढे लागली. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्यासाठी राबणाऱ्यांत गुरुजी होते. तिथे शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला: सारा आणि खंड कमी करू, कर्जाचा भार हलका करू. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. आता वचन देणारेच राज्य चालवत होते.

अशा वेळी, १९३८ मध्ये, गुरुजींनी अमळनेरहून साप्ताहिक काढले. नाव ठेवले ‘काँग्रेस’. हे नाव पाहून कोणालाही वाटावे की पक्षाचे मुखपत्र असेल, मंत्र्यांचे सत्कार छापील. गुरुजींनी पक्षाचे नाव घेतले ते पक्षाला त्याच्या शब्दाची आठवण करून देण्यासाठी. त्याच वर्षी पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके बुडाली. शेतसाऱ्यातली सूट तेव्हा आणेवारीवर ठरे: सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक, त्यातले किती हाती आले त्यावर सरकारचा निर्णय. म्हणजे शेतकऱ्याचे नशीब कागदावरच्या एका आकड्यात अडकलेले. गुरुजी सारामाफीसाठी गावोगाव फिरले, शेतकऱ्यांना संघटित केले आणि लेखणीही त्याच कामाला लावली. अमळनेर-धुळ्याच्या गिरणी कामगारांच्या बाजूनेही ते उभे राहिले.

परक्या सरकारविरुद्ध लिहिले तर तुरुंग मिळतो, पण तुरुंगाबाहेर मानही मिळतो. आपल्या सरकारला जाब विचारला तर मित्र दुरावतात. ‘शत्रूच्या हाती कोलीत देऊ नका’ हे वाक्य प्रत्येक काळात प्रत्येक पक्षाच्या ओठावर असते. गुरुजींनी ते मानले नाही. फैजपुरात दिलेल्या वचनाचा हिशेब अमळनेरात मागितला, म्हणून मी त्यांना बंडखोर म्हणतो.

हे साप्ताहिक फार काळ चालले नाही. १९४० च्या सुमारास ते बंद पडले आणि गुरुजींच्या वाट्याला पुन्हा तुरुंग आला. पण बाणा तोच राहिला. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी उपोषण आरंभले. ते सोडा, असे खुद्द गांधीजींनी कळवले, तरी गुरुजी ढळले नाहीत. ज्याला दैवत मानले त्यालाही ‘नाही’ म्हणता येते, हे त्यांनी कोणतीही कटुता न आणता दाखवून दिले.

१५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे त्यात येत. शेजारी बसून बोलावे तशा त्या भाषेत जगभरच्या घडामोडी महाराष्ट्राच्या घराघरांत पोचल्या. ११ जून १९५० ला गुरुजी गेले. ‘साधना’ राहिली. आणीबाणीत यदुनाथ थत्ते यांच्या संपादकत्वाखाली तिने सरकारी दडपणाशी झुंज दिली. पुढे १९९८ पासून संपादक असलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली. साने गुरुजींच्या आसनावर बसण्याची किंमत काय असू शकते, हे त्या सकाळी महाराष्ट्राला कळले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले, आणि विद्रोही संमेलनही. दोन्हींकडे गुरुजींचे नाव आदराने घेतले गेले. आदर पुष्कळ आहे. वारसा चालवणारे थोडे आहेत. जळगाव-धुळ्यातल्या तालुक्याच्या बातमीदाराची अवस्था पाहा. अनेकांना पगार नाही, मानधन तुटपुंजे, आणि जाहिराती आणायच्याही त्यानेच. ज्या नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी काढायची, त्यालाच कापसाच्या भावाबद्दल, रावेर-यावलच्या केळीच्या नुकसानभरपाईबद्दल कसे विचारायचे? दोष त्या पोरांचा नाही. त्यांना असे बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे, आणि फुकट बातमी मागणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांचाही आहे.

आणेवारी जाऊन आता पैसेवारी आली, पण शेतकऱ्याचे नशीब आजही कागदावरच्या आकड्यातच अडकलेले आहे. तो आकडा कोणी, कुठल्या बांधावर उभे राहून लावला, हे विचारणारा बातमीदार खानदेशाला हवा आहे. त्याने निवडणुकीतले जाहीरनामे जपून ठेवावेत आणि आपण ज्याला मत दिले त्याच्याच दारात ते आधी घेऊन जावे. आणि त्याला निर्भयपणे लिहिता यावे म्हणून वर्गणी भरणारे वाचक आपण व्हावे. गुरुजींच्या पुतळ्याला घातलेल्या हारापेक्षा ती वर्गणी त्यांच्या कामाला अधिक उपयोगी पडेल.