शीग लावण्याआधी

‘मापात पाप’ हे दोन शब्द मराठी माणूस इतक्या सहज एकत्र उच्चारतो की ते सोबत जन्मले असावेत असे वाटते. बाजारातल्या फसवणुकीसाठी आपल्या भाषेजवळ शब्दांची वाण नाही. वजनात फसवणे म्हणजे ‘काटा मारणे’. उसाच्या पट्ट्यात तर ‘काटामारी’ हा गाळप हंगामातला नेहमीचा शब्द झाला आहे. भुसार बाजारात वजनातून परस्पर वजा होणारा ‘कडता’ शेतकऱ्याला पाठ असतो. याच भाषेने भरभरून देणाऱ्या हातासाठीही शब्द जपले आहेत. पायलीच्या काठावर धान्याची जी रास चढते ती ‘शीग’, आणि तसे भरलेले माप ‘शिगोशीग’. ख्रिस्ती उपदेशात शिगेबद्दल, म्हणजे प्रीती, क्षमा आणि दानधर्म यांबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. काठापर्यंत माप भरण्याबद्दल मात्र क्वचित. आज तराजू आणि माप या साध्या वस्तू समोर ठेवून मला एवढेच मांडायचे आहे की जिथे माप पुरे भरत नाही, तिथे शीगही खरी नसते. ज्याचे त्याला पुरते देणे ही प्रीतीची पहिली पायरी आहे, आणि ती ओलांडून वरच्या पायरीवर उडी मारता येत नाही.

बायबलमध्ये वजनमापांचा विषय किती गंभीरपणे घेतला आहे हे पाहायचे तर लेवीय पुस्तकाचा 19वा अध्याय उघडावा. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी ही आज्ञा, जी पुढे येशूने सर्वांत मोठ्या दोन आज्ञांमध्ये गणली, ती याच अध्यायात, 18व्या वचनात आहे. तिच्या पाच वचने आधी सांगितले आहे की मजुराची मजुरी रात्रभरसुद्धा आपल्याकडे ठेवू नये. पुढे 34व्या वचनात परदेशी माणसावरही तशीच प्रीती करण्याची आज्ञा येते, आणि तिच्या पाठोपाठ 35व्या वचनापासून खरा तराजू, खरी वजने आणि खरी मापे ठेवण्याची. ही जवळीक मला फार बोलकी वाटते. परक्या माणसाला गावातले माप माहीत नसते, कोणत्या दुकानाचा काटा खरा हे विचारायला त्याच्याजवळ कोणी नसते, म्हणून बाजारात सर्वांत आधी तो फसतो. त्याच्यावर प्रीती करणे म्हणजे काय, याचे उत्तर या अध्यायात गोड शब्दांनी दिलेले नाही. त्याच्यासाठी वापरलेला तराजू खरा असावा, एवढेच सांगितले आहे. आणि लगेच आठवण आहे ती मिसर देशातून सोडवणाऱ्या देवाची. ज्यांनी गुलामीत दुसऱ्याच्या हातून आपला वाटा मोजून घेतला, त्यांच्या हाती माप आल्यावर त्यांनी कसे वागावे, हा त्या आठवणीमागचा प्रश्न आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांच्या मागच्या पिढ्यांनी खळ्यावर वाट्याला येणाऱ्या बलुत्यावर दिवस काढले. त्यांच्या वंशजांना हा प्रश्न परका वाटू नये.

अनुवादाच्या 25व्या अध्यायात हीच आज्ञा आणखी नेमकी होते. पिशवीत दोन प्रकारची वजने, एक जड आणि एक हलके, ठेवू नयेत. तेव्हा वजने म्हणजे घडवलेले दगडच असत. हिब्रू भाषेत दगड आणि वजन यांना शब्दही एकच आहे, आणि यहूदा प्रांताच्या उत्खननांत शेकेलची, म्हणजे सुमारे 11 ग्रॅमची, अशी दगडी वजने मिळाली आहेत. व्यापारी ती पिशवीत घालून फिरत असे. दोन दगड बाळगायचे कारण उघड होते: घेताना जड दगड, देताना हलका. आमोस संदेष्ट्याने आठव्या अध्यायात हेच चित्र काढले आहे. त्याच्या काळी नाणी नव्हती, चांदी तोलून किंमत चुकवली जाई. तेव्हा धान्याचे एफा माप लहान केले आणि चांदी तोलण्याचे शेकेल जड केले की गरीब दोन्ही बाजूंनी नागवला जाई. पण आमोसाचा खरा घाव पुढेच आहे. हे व्यापारी नास्तिक नव्हते. ते शब्बाथ पाळत होते. फक्त तो संपायची वाट पाहत होते, कारण संपल्यावर धान्याची कोठारे उघडायची होती. म्हणजे उपासनेच्या दिवसाला एक दगड आणि उरलेल्या आठवड्याला दुसरा, असे दोन दगड त्यांच्या मनाच्या पिशवीतही होते. चूक मोजमाप करण्यात नव्हती, दोन मापे बाळगण्यात होती.

इथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, हा जुन्या करारातला नियमशास्त्राचा भाग झाला. ख्रिस्ताने आपल्याला कृपेत आणले, आणि कृपा तर हिशेब करीत नाही. मत्तयाच्या 20व्या अध्यायातल्या द्राक्षमळ्याच्या धन्याने दिवस मावळताना आलेल्यालाही दिवसभर राबणाऱ्याइतकीच मजुरी दिली. मग तराजू कशाला धरून बसायचे? पण तो दाखला सावकाश वाचला तर उलट दिसते. कुरकुर करणाऱ्या मजुराला धनी आधी हेच दाखवून देतो की ठरलेला दीनार तुला पुरता मिळाला आहे, तुझ्यावर अन्याय झालेला नाही. त्याचे औदार्य आधी आलेल्यांच्या मजुरीतून कापलेले नाही. कोणाचेही माप काठाखाली न नेता त्याने शीग लावली. जक्कयाची गोष्टही तशीच आहे. यरीहोचा हा मुख्य जकातदार लूकच्या 19व्या अध्यायात दोन गोष्टी बोलतो. अर्धी मालमत्ता गरिबांना देईन, आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करीन. वाक्यात दान आधी आले आहे हे खरे, पण दोन्ही खाती वेगळी आहेत. दान केले म्हणून परतफेड माफ झाली, असे तो म्हणत नाही. कृपा त्याच्या घरी आली तेव्हा तिने तराजू बाहेर फेकला नाही. उलट त्या दिवशी तिथे तो पहिल्यांदा खरा चालला.

दुसरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो. येशूनेच तर दोष काढू नका म्हणून सांगितले आहे, मग ख्रिस्ती माणसाने कोणाला तोलावे तरी का? मत्तयाच्या सातव्या अध्यायातली ती शिकवण मात्र पुढच्याच वाक्यात सांगते की ज्या मापाने तुम्ही मोजता त्याच मापाने तुमच्यासाठी मोजले जाईल. सगळा भर माप एकच असण्यावर आहे. दांडीच्या तराजूत रिकामी पारडी समान नसली तर हलक्या बाजूला खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधतात, त्याला पासंग म्हणतात. म्हणून चोखंदळ गिऱ्हाईक माल टाकण्याआधी रिकामा काटा पाहतो. आपण माणसांना तोलतो तेव्हा रिकामा काटा पाहण्याची तसदी घेत नाही. स्वतःच्या उशिराला कारण असते, दुसऱ्याच्या उशिराला आळस हे नाव मिळते. आपल्या मुलाची चूक म्हणजे वय, शेजारच्या मुलाची म्हणजे वळण. हा आपल्या पारड्याला कायम बांधलेला पासंग आहे, आणि येशू डोळ्यातले मुसळ आधी काढायला सांगतो तेव्हा तो हाच पासंग सोडायला सांगत असतो. जगातल्या सर्वांत जपलेल्या वजनालाही ही तपासणी चुकली नाही. 1889 पासून किलोग्रॅमचे मूळ माप म्हणून पॅरिसजवळ सेव्हर येथे काचेखाली ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा आणि त्याच्या प्रती यांत शतकभरात सुमारे 50 मायक्रोग्रॅमचा, म्हणजे एका ग्रॅमच्या वीस हजाराव्या भागाइतका, फरक पडलेला दिसला. 20 मे 2019 पासून किलोग्रॅमची व्याख्या निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या स्थिरांकावर बांधली गेली. इतक्या जपलेल्या ठोकळ्यालाही आपणच आपला पुरावा होता आले नाही. मग रोज वापरात झिजणाऱ्या विवेकाने स्वतःलाच प्रमाण मानून कसे चालेल? कबुली, प्रार्थना आणि वचनाचे वाचन यांचे एक काम हेच, की आपले वजन आपल्याबाहेरच्या न बदलणाऱ्या वजनाशी ताडून पाहावे.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. दहावीस ग्रॅमने काय बिघडते, सगळेच करतात, आणि आता इलेक्ट्रॉनिक काटे आले, 2009 चा वैधमापनशास्त्र कायदा आहे, काट्यांची पडताळणी होऊन शिक्का बसतो, तेव्हा हा प्रश्न सरकारचा. कायदा हवाच, त्याने दुबळ्याला आधार मिळतो. पण शिक्का काट्यावर बसतो, काट्यामागच्या हातावर बसत नाही. आणि दहावीस ग्रॅम लहान दिसतात ते विकणाऱ्याच्या बाजूने. जी बाई रोजच्या मजुरीतून पाव किलो डाळ नेते तिच्या ताटात ते लहान नसतात. फसवणूक नेहमी त्यालाच अधिक भोवते ज्याची खरेदी थोडी आणि रोजची असते. शिवाय आयुष्यातले बहुतेक देणेघेणे काट्यावर होतच नाही. मासळीबाजारात कोळीण वाटा लावते, तिथे तिची नजर हाच तराजू. शिक्षकाचा तास, डॉक्टरांची तपासणी, कचेरीतला आठ तासांचा दिवस यांवर कोणता शिक्का मारणार? याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे आणि तो आवाज देवाच्या कानी गेला आहे. घरी काम करणाऱ्या बाईचे खाडे पैशात मोजायचे आणि सणाला तिला साडी नेसवून दानाचे समाधान घ्यायचे. पगाराच्या कागदावर एका आकड्यासमोर सही आणि हातात दुसराच आकडा. अर्पणाच्या थाळीत मोठी नोट आणि भाऊबंदाच्या वाट्याची जमीन मात्र दाबून धरलेली. यातले काहीही आपल्या घरात किंवा आपण चालवत असलेल्या संस्थेत असेल, तर तिथे दुसरा दगड पिशवीत आहे. तिथली मोठ्यात मोठी देणगीसुद्धा पासंगाला पुरणार नाही.

शेवटी येशूनेच दिलेल्या मापाच्या चित्राकडे वळतो. लूकच्या सहाव्या अध्यायात, 38व्या वचनात, देणाऱ्याला कसे माप मिळेल हे तो सांगतो: दाबलेले, हलवलेले आणि मग ओसंडून वाहणारे, तेही ओटीत पडणारे. धान्य मोजणाऱ्याला यातला क्रम लगेच कळतो. हलक्या हाताने ओतलेले माप वरून भरलेले दिसते, पण दाण्यादाण्यांत पोकळी राहते. ती राखून वर शीग चढवली तर पाहणाऱ्याचे डोळे भरतात, घेणाऱ्याची ओटी भरत नाही. म्हणून आधी दाबायचे, मग हलवायचे, पोकळी मोडायची, आणि त्यानंतर जे काठावर चढेल तीच खरी शीग. आपले दान, आपली सेवा, आपली क्षमासुद्धा अशीच दाबून, हलवून पाहिली पाहिजे. या आठवड्यात काही द्यायला हात पुढे कराल, तेव्हा त्याआधी एकदा विचारा: ज्याचे त्याला देणे बाकी आहे असे कोणी उरले आहे का? उरले असेल, तर आधी त्याच्या दारी जा. तुमचे अर्पण तोवर वेदीपाशी थांबू शकते, असे येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगून ठेवले आहे.