समसमान

दोघांनी मिळून केलेल्या कामात कुणी किती केले, हे विचारू नये, असे थोर लोक सांगतात. थोर लोकांना बहुधा सख्खा भाऊ नसावा. मला आहे. तो बर्मिंगहॅमला असतो आणि त्याच्याकडे १९७८ सालची एक मिनी गाडी आहे. गाडी कसली, चाके लावलेला बिस्किटांचा डबा! पण तिच्यासाठी तो जीव टाकतो.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो, तेव्हा स्वारी बॉनेटमध्ये डोके घालून उभी.

"एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन बसवतोय, दादा."

"एक बिघडला वाटतं?"

"छे! उत्तम चालतोय की."

चांगले चाललेले उघडून बघायची खोड आमच्या घराण्यात पिढीजात आहे.

मग त्याने मला समजावले. इंजिनाला हवा आणि पेट्रोल ठरावीक प्रमाणात कालवून द्यायचे, हे कार्ब्युरेटरचे काम. १९५९ साली मिनी निघाली ती ८४८ सीसीची. कार्ब्युरेटर एक, अश्वशक्ती ३४. १९६१ साली तिची कूपर ही बहीण आली. ९९७ सीसी, कार्ब्युरेटर दोन, अश्वशक्ती ५५. आतही बरेच फेरफार होते म्हणा, पण लोकांच्या डोळ्यांत भरले ते हे जुळे. सिलिंडर चार, पण हवा आत घ्यायला तोंडे दोनच. म्हणजे चाळीतली चार बिऱ्हाडे आणि दोन नळ. नळागणिक एक टाकी दिली की भांडण कमी. हे एसयू कार्ब्युरेटर ज्या स्किनर मंडळींनी काढले, त्यांचा घरचा धंदा जोड्यांचा. तेव्हा जोडीचे महत्त्व त्यांना आपण काय सांगावे!

"पण दोघं सारखं ओढतायत हे कळणार कसं?" मी विचारले.

त्याने रबरी नळीचे एक टोक कानाला लावले आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरले. डॉक्टर छाती तपासतात तसे. इंजिन चांगले तापलेले असले पाहिजे, हे पहिले. दुसरे म्हणजे दोघांना जोडणाऱ्या दांड्याची पकड आधी ढिली करायची.

"जोडलेले असताना मोजून उपयोग नाही, दादा. एक हलला की दुसरा फरफटत जातो. इंजिन चालतंच, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही."

मी गप्प झालो. आई माझ्याकडे पुण्याला अकरा वर्षे होती. औषधे, डॉक्टर, रात्रीची जागरणे सगळे मी आणि बायकोने केले. हा दर महिन्याला पैसे पाठवी आणि रविवारी फोन करी. मी बाहेरून हसतमुख, आतून वही लिहीत होतो. वरून आई मला औषध घेता घेता सांगायची, "धाकट्याचं किती लक्ष आहे बघ!" चमचा माझ्या हातात, आणि लक्ष धाकट्याचे!

"डावा जास्त ओढतोय," तो म्हणाला. म्हणून उजव्याचा स्क्रू जरा उघडला, तर इंजिनच भरधाव फिरायला लागले. मग दोघांचेही थोडे थोडे मिटवावे लागले. एकाला हात लावला की दुसऱ्याचाही श्वास बदलतो. इंजिन एकच ना!

दांडा ढिला होताच. मी बोलून टाकले, "आईच्या वेळी कोण जास्त ओढत होता रे?"

तो नळी कानाला तशीच ठेवून म्हणाला, "तू. पण दर रविवारी ती मला तासभर तुझंच सांगायची. दादा असं करतो, दादा तसं करतो. फोन ठेवला की मी इथे गराजात येऊन बसायचो."

म्हणजे तिने माझ्याजवळ त्याचे गायले आणि त्याच्याजवळ माझे. नळी तिच्या कानाला होती, आणि आम्हाला वाटत होते ती बहिरी झालीय!

वाटा समसमान होता का? नव्हता. तो "तू" म्हणाला तेच खरे, आणि ते त्याने म्हटल्यावर मला वही मिटता आली. हवा सारखी केली, तरी मिश्रण प्रत्येकाचे निराळे लावावे लागते. आतला पिस्टन किंचित उचलायचा; वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन आचके देऊ लागले तर कमी. माझ्यात राग जास्त होता, त्याच्यात बोलणे कमी.

तेव्हा थोरांची क्षमा मागून सांगतो, विचारावे. पण इंजिन तापलेले असताना आणि दांडा ढिला करून, एकदाच विचारावे. मग पकड आवळावी, नळी खुंटीला टांगावी. नळी कानाला लावून गाडी हाकता येत नाही.

संध्याकाळी चक्कर मारायला निघालो. पहिल्याच सिग्नलला गाडी बंद पडली. मी उतरून ढकलली. तो आत बसला होता, कारण लायसन्स त्याचे. हे मी हिशेबात धरलेले नाही. फक्त तुम्हाला सांगितले.