किल्ल्या कोणाकडे?

‘ईव्ह ऑनलाइन’ हा आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा अंतराळातला खेळ २००३ साली सुरू झाला. जगभरचे खेळाडू त्यात एकाच विश्वात वावरतात, कॉर्पोरेशन काढतात, त्यांच्या आघाड्या बांधतात. ‘बँड ऑफ ब्रदर्स’ ही त्यातली एकेकाळची बलाढ्य आघाडी. फेब्रुवारी २००९ मध्ये ती एकाएकी संपली. कोणत्या लढाईत हरली म्हणून नव्हे, तर तिचा एक डिरेक्टर शत्रूपक्षाला, गूनस्वार्मला, जाऊन मिळाला आणि जाता जाता त्याने आघाडीच विसर्जित करून टाकली. तसं करण्याचा अधिकार त्याच्याकडे होताच.

याला फितुरी म्हणून मोकळं होता येतं. पण वर्षानुवर्षं हजारो माणसांनी उभं केलेलं एकट्याने मोडावं, अशी सोय मुळात का असावी? पद देताना त्या पदाबरोबर कोणत्या किल्ल्या हातात जातात, हे किती गटांमध्ये तपासलं जातं?

त्याच खेळात जानेवारी २०१४ मध्ये दुसरी गोष्ट घडली. बी-आर५आरबी नावाच्या एका ग्रहमालेच्या ताब्यासाठी ठरावीक मुदतीने भरायची रक्कम भरली गेली नाही. ताबा सुटला, शत्रू आत शिरला आणि सुमारे २१ तास लढाई चालली. साडेसात हजारांहून अधिक खेळाडू त्यात उतरले. टायटन ही त्या खेळातली सर्वांत मोठी जहाजं. तशी ७५ नष्ट झाली. रक्कम भरली गेली आहे का, एवढं वेळेत पाहून कुणी सांगितलं असतं तर त्या दिवशी ही लढाई पेटली नसती.

कोणतं काम कोणाकडे याचा हाच गोंधळ आपल्या फोनवरच्या ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ या खेळात लहान आकारात दिसतो. क्लॅनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या एका गटात, जास्तीत जास्त ५० जण. लीडर, को-लीडर, एल्डर आणि मेंबर. सैन्य दान करतो, जुना आहे, मित्र आहे, म्हणून को-लीडर केलं जातं. मग युद्ध कधी लावायचं हे चौघं चार वेळा ठरवतात. तयारीचा अख्खा दिवस हाताशी असतो, तरी कोणी कोणत्या तळावर हल्ला करायचा हे शेवटपर्यंत कुणालाच नीट माहीत नसतं. नवख्या मुलाच्या वाट्याचे दोन्ही हल्ले न वापरता वाया जातात आणि त्यालाच काढून टाकतात. हा मला सरळ अन्याय वाटतो. त्याला काम सांगितलेलंच नव्हतं.

खेळातल्या अशा गटांमध्ये पगार नसतो, माणूस केव्हाही निघून जाऊ शकतो. तो टिकतो तो आपल्याला विचारलं जातं, सांगितलं जातं, एवढ्याच भरवशावर. म्हणून पद हे बक्षीस म्हणून वाटू नये. भरतीचं काम एकाकडे, युद्धाची आखणी दुसऱ्याकडे, खजिना तिसऱ्याकडे, असं नावानिशी ठरवावं आणि ते सगळ्यांना ठाऊक असावं. चॅट वर सरकत जातं, त्यात सांगितलेलं रात्री उशिरा येणाऱ्यापर्यंत पोचत नाही. महत्त्वाचं असेल ते त्याला वेगळं कळवावं.

तुम्ही एखाद्या गटाचे लीडर असाल, तर आज पदांची यादी उघडा. प्रत्येक नावापुढे त्याचं काम लिहून पाहा. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येणार नाही, त्याच्याशी आजच बोला.