आजीला विचारायची राहिलेली गोष्ट

परदेशातली आजी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून आलेली आजी उभी राहते. अलिबाग-ठाण्याकडच्या बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या घरांत हा प्रवास उलटा आहे. तिथे आजीच कायमची इस्रायलला गेलेली असते आणि सुट्टी लागली की नातवंडे तिला भेटायला जातात: डिमोनाला, अश्दोदला, बीरशेबाला, लोदला.

कोकणच्या किनाऱ्यावर घाणे चालवणारा आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारी, ते बंद ठेवणारा हा समाज 'शनिवार तेली' म्हणून ओळखला जाई. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर ही त्यांची आडनावे. इस्रायलच्या स्थापनेच्या सुमारास भारतात ते वीस हजारांच्या आसपास होते; आज जेमतेम चार-पाच हजार उरले आहेत. गेलेल्यांपैकी अनेकांच्या वाट्याला नव्याने वसवलेली गावे आली. नेगेव वाळवंटातले डिमोना त्यांपैकीच, १९५५ साली उभे राहिलेले.

या गावातल्या आजीच्या स्वयंपाकघरात ठाण्याच्या मुलांना स्वतः कधी न पाहिलेले कोकण भेटते. मलिद्यासाठी पोहे धुऊन निथळत ठेवलेले असतात. आजी विळीवर नारळ खवते, पाठीचा काळा भाग येऊ लागला की हात थांबवते. पोह्यांत ओले खोबरे, साखर, वेलदोड्याची पूड, बदामाचे काप. वर फळे आणि खजूर. तबक एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने पुढे ठेवायचे, प्रार्थना म्हणायची, मगच वाटायचे. नव्या वर्षाच्या सणाला गव्हाचा चीक नारळाच्या दुधात आटवून हलवा होतो. मांसाहाराबरोबर दूधदुभते न खाण्याचा धर्मनियम कोकणी माणसाने नारळाच्या आधाराने किती सहज पाळला, हे या एका पदार्थावरून कळते.

आजीच्या आठवणी मग भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचकडे वळतात. नातू सांगतो की आता मांडव्याला अख्खी मोटार घेऊन बोटीत चढता येते. ती रो-रो सेवा २०२० मध्ये सुरू झाली. आजी मशीद बंदरजवळच्या, १७९६ साली स्थापन झालेल्या शाअर हरहमीम सिनेगॉगबद्दल विचारते. शेजारी बसलेली इस्रायली मामेभावंडे फक्त हिब्रू जाणतात, ठाण्याची मुले मराठी आणि इंग्रजी. दोन्हीकडच्या नातवंडांना जोडणारी दुभाषी तीच.

इथवर सगळे गोड आहे, आणि बहुतेक भेटी इथेच संपतात. तिथेच या भेटींचे मोठे नुकसान होते.

कारण या आजीच्या पिढीने इस्रायलमध्ये जे सोसले, ते मलिद्याच्या तबकाभोवती कुणी काढत नाही. सुरुवातीच्या वर्षांतच भेदभावाच्या तक्रारी करत काही भारतीय ज्यूंनी धरणे धरले आणि १९५२ मध्ये शंभरहून अधिक जण भारतात परतले. पुढचा घाव याहून खोल होता. इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह धर्मपीठाच्या अखत्यारीत येतात. १९६२ मध्ये धर्मपीठाने निर्देश काढले: बेने इस्रायल व्यक्तीचा दुसऱ्या ज्यू समाजात विवाह ठरला, तर तिची आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्या ज्यू होत्या की नाहीत, याची चौकशी करावी. शतकानुशतके कोकणात शब्बाथ पाळलेल्या बायांच्या खरेपणावर त्यांच्या नाती-पणतींच्या लग्नात शंका घेतली गेली. समाज रस्त्यावर उतरला, जेरुसलेममध्ये निदर्शने झाली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायली संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केले आणि धर्मपीठाला निर्देशांतून या समाजाचे नाव वगळावे लागले.

तेव्हा विशीत असलेली मुलगी आज ऐंशी ओलांडून गेली आहे. नातवंडे सुट्टीत जिच्याकडे उतरतात, ती हीच.

जुन्या जखमा कशाला उकरायच्या, असे घरातली मोठी माणसे म्हणतात. तिचा संसार झाला, मुले शिकली, देशाने चूक सुधारली. मग मुलांपुढे कडवटपणा कशाला? या म्हणण्यात माया आहे, पण ते पटण्यासारखे नाही. ती चूक आपोआप सुधारली नाही; साध्या कारकून, गिरणी कामगार, परिचारिकांच्या घरांनी ती सुधारून घेतली. हे मुलांपासून दडवले तर त्यांच्या हाती पोह्या-खोबऱ्याची गोड आजी उरते, आणि हक्कासाठी उभी राहिलेली पिढी निसटून जाते. भारतात या समाजाला धर्मामुळे छळ सोसावा लागला नाही, हे आपण मराठी माणसे अभिमानाने सांगतो. तो अभिमान रास्त आहे. पण तेवढे सांगून थांबलो, तर इथून गेलेल्यांना तिथे आपले ज्यूपणच पुराव्यानिशी सिद्ध करावे लागले, याकडे आपलेही दुर्लक्ष होते.

या समाजातल्याच केहिमकर नावाच्या लेखकाने १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला बेने इस्रायलांचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला, म्हणून जुन्या कोकणातल्या चालीरीती आज वाचता येतात. साठच्या दशकातल्या घराघरांतल्या गोष्टींना असा केहिमकर मिळेलच असे नाही. फोनवर आवाज टिपण्याची सोय प्रत्येक नातवाच्या खिशात आहे. लग्नाच्या वेळी तुला कुणी काही विचारले का, कागद मागितले का, निदर्शनांना घरातले कोण गेले होते, असे प्रश्न आईवडिलांनीच पुढच्या सुट्टीत सर्व मुलांदेखत विचारावेत. आजी आधी मराठीत सांगेल, मग मामेभावंडांसाठी हिब्रूत. दोन्ही वेळचे बोलणे टिपून ठेवावे. हिब्रूत सांगताना तिला आणखी काही आठवण्याची शक्यता आहेच.