तुटलेला बोल्ट कुणाचा?

गॅरेजमध्ये बोल्ट तुटला तर पैसे कुणी द्यायचे? प्रश्न किरकोळ वाटतो. पण पावसाळा संपता संपता पिंपळे सौदागरमधल्या आमच्या गल्लीतल्या गॅरेजवर यावरून चांगलंच वाजलं, आणि मी ते उभं राहून ऐकलं.

गाडी आठ वर्षं जुनी, काम ब्रेक पॅड बदलण्याचं. कॅलिपरचा बोल्ट फिरवताना तुटला, अर्धा आतच राहिला. मालक म्हणाला, "दादा, तुमच्या हातून तुटला." मेकॅनिक म्हणाला, "साहेब, तो आधीच सडला होता. मी फक्त पाना लावला." मला वाटलं, दोघंही खरं बोलतायत.

इथून जवळच पिंपरीत टाटा मोटर्सचा कारखाना आहे, चाकणला महिंद्रा आणि फोक्सवॅगनचे. गाडी बनते तिथे बोल्ट किती आवळायचा याचा आकडा ठरलेला असतो, न्यूटन-मीटरमध्ये. सोडवायचा मात्र आकडा नसतो. मधल्या पावसाळ्यांनी आत काय केलंय ते बाहेरून दिसत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आट्यांमध्ये पाचरीसारखा बसतो. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असेल आणि पाणी शिरलं, तर आणखीच त्रास.

तत्त्वज्ञानात या पेचाला 'मॉरल लक' म्हणतात, म्हणजे नैतिक नशीब. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी त्यावर निबंध लिहिले. दोन माणसं अगदी सारखं वागली आणि एकाच्याच हातून नुकसान झालं, तर दोष आपण त्यालाच देतो. तेवढ्याच जोराने शेजारच्या गाडीचा बोल्ट सुटला असता, तर त्याच मेकॅनिकला आपण 'हात चांगला आहे' म्हटलं असतं.

मग त्याची जबाबदारी काहीच नाही? आहे, पण ती तुटण्याच्या क्षणाची नाही, त्याच्या आधीची आणि नंतरची आहे. बोल्ट जाम आहे हे बहुतेक वेळा पहिल्या झटक्यातच हाताला कळतं. तिथे थांबता येतं. तेल सोडून वाट बघता येते, जागा बघून गरम करता येतं, थोडं आवळून थोडं सोडवता येतं. आणि मालकाला सांगता येतं, "हा तुटू शकतो. तुटला तर ड्रिल मारून काढावा लागेल, खर्च वाढेल. करू का?" मालक 'हो' म्हणाला, की तुटण्याचा धोका त्याचाही झाला. न विचारता जोर लावला, तर तो मेकॅनिकचा. आणि तुटका तुकडा तसाच ठेवून गाडी परत दिली, तर तिथे नशिबाचा संबंधच संपला. तो ब्रेकचा बोल्ट आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं ही सेवेतली त्रुटी मानतो.

मेकॅनिकची अडचणही खरी आहे. प्रत्येक बोल्टला असा इशारा दिला, तर गिऱ्हाईक 'याला काम येत नाही' म्हणून पुढच्या गॅरेजला जातं. गप्प राहणाऱ्याला काम मिळतं. म्हणजे त्याच्या गप्प बसण्यात आपलाही थोडा हात असतो.

म्हणून गाडी टाकताना एवढं सांगून ठेवा : "काही जाम असेल तर जोर लावायच्या आधी फोन करा." आणि फोन आला, तर चिडू नका.