जवारी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आबांचं दुकान. वर घर, खाली तंबोरे. नातू सात वर्षांचा, स्वमग्न. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात घट्ट दाबून कोपऱ्यात बसायचा. बोलणं जवळपास नाहीच. पण खाली तंबोरा छेडला की हळूच येऊन भोपळ्याला गाल लावायचा.

ते पाहून त्याच्या आईच्या मनानं घेतलं, हा गाण्यानंच बोलेल. रोज संध्याकाळी ती पेटी काढून त्याला समोर बसवी. "म्हण, सा." तो उठून जाई. ती हात धरून परत बसवी. महिन्याभरात पेटी नुसती दिसली तरी तो रडू लागला.

मग संगीतोपचार करणाऱ्या ताई येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "वहिनी, स्वमग्नता हा आजार नव्हे. मी त्याला बरा करायला नाही, भेटायला आलेय." तो स्टीलच्या डब्यावर तीन ठोके देऊन थांबायचा. ताई ढोलकीवर तेवढेच तीन देत, त्याच्याच लयीत. तो थांबला की थांबत. 1959 साली इंग्लंडमध्ये संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स अशा मुलांबरोबर वाजवू लागले, तेही असंच. मुलाचा हुंकार असो की रडणं, त्यातूनच ते गाणं उभं करत. आईला मात्र हा वेळ वाया गेल्यासारखा वाटे. दीड महिना झाला, एक सूर शिकवला नाही!

एका दुपारी ती चहा घेऊन खाली गेली. आबा जवारी लावत होते. घोडीवर तारेखालचा सुती दोरा केसभर सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं. पुन्हा केसभर मागं. चहावर साय धरली.

"एवढं काय ऐकता, आबा?"

"ती कुठं बोलते ते. जागा तिची असते, पोरी. मी नुसता दोरा हलवतो."

दोरा हलला आणि मघाची बद्द तार खोलीभर गुंजत राहिली.

रात्री ती भाकरी थापत होती. मागून डब्याचे तीन ठोके आले. "म्हण" हा शब्द ओठांवर आला, तो तिनं गिळला. पिठाच्या हातानं परातीवर तीन ठोके दिले. मागं सगळं शांत. तिनं वळून पाहिलं नाही.

डब्यावर चार वाजले. तिनं चार दिले.

तव्यावरची भाकरी करपू लागली होती. तो तिच्या पदराला खेटून उभा होता आणि परातीवरच्या तिच्या हाताकडे टक लावून वाट पाहत होता.