घास, भीती आणि प्रभूचा हात



दरवर्षी ३ फेब्रुवारीला, संत ब्लेझ यांच्या सणाच्या दिवशी, गळ्याशी दोन मेणबत्त्या धरून आपण घशासाठी आशीर्वाद घेतो. घशात माशाचा काटा अडकलेल्या एका मुलाला या संत बिशपांनी वाचवले, अशी परंपरा आहे. पण कधी कधी काटा निघतो आणि भीती मात्र घशातच राहते.

काही वर्षांपूर्वी प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गातील एका मुलाला घेऊन त्याचे आईबाबा माझ्याकडे आले. जेवताना एकदा घास अडकून त्याचा श्वास कोंडला होता. तेव्हापासून तो दूध आणि गाळलेल्या पेजेवर होता. भाताचे शीत पाहिले तरी रडायचा. मी त्याला म्हणालो, “बाळा, किती मुले उपाशी झोपतात! अन्न नाकारणे पाप आहे.” पुढच्या रविवारी आई म्हणाली, “फादर, देव माझ्यावर रागावलाय का, असं तो रोज रात्री विचारतो.”

माझी चूक मला तेव्हा कळली. पापाला इच्छेची संमती लागते, हे मी सेमिनरीत शिकलो होतो. भीतीने आवळलेल्या घशाची कसली आली संमती? मी त्या मुलाची माफी मागितली.

मार्कच्या शुभवर्तमानातील (अध्याय ५) याइरसाची बारा वर्षांची मुलगी आठवा. प्रभूने प्रथम रडणाऱ्या, हसणाऱ्या गर्दीला बाहेर काढले. आईबाप आणि तीन शिष्य एवढेच आत राहिले. त्याने तिचा हात धरला, तिला उठवले आणि शेवटी तिला खायला द्यायला सांगितले. आपण नेमका उलटा क्रम लावतो. आधी ताट, मग धमक्या, आणि भोवती आजी, काका, शेजारी!

ही भीती म्हणजे लाड किंवा हट्ट नव्हे. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात अन्न टाळण्याच्या अशा विकाराची स्वतंत्र नोंद आहे. म्हणून आधी बालरोगतज्ज्ञांकडून घसा आणि वजन तपासून घ्या. वजन घटत असेल तर वाट पाहू नका. मूल पाणीही गिळत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मग बालमानसतज्ज्ञांच्या मदतीने एकेक पायरी चढा: पेज, घट्ट पेज, मऊ भात. एका पायरीवर आठवडे गेले तरी चालेल. जबरदस्ती नको, लाच नको, भावंडांशी तुलना नको. सर्वांनी एकत्र बसून शांतपणे जेवावे.

“फादर, मग प्रार्थना कशाला?” असे कोणी विचारील. कृपा निसर्गाला मोडत नाही, तर पूर्णत्वाला नेते, अशी संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण आहे. डॉक्टरांकडे जाणे हा अविश्वास नव्हे. आईबापांना धीर हवा असतो, आणि तो प्रार्थनेत मिळतो.

त्या मुलाला होस्तियाचीही भीती वाटत होती. मी त्याला सांगितले की होस्तियाच्या लहानात लहान कणातही संपूर्ण ख्रिस्त असतो. त्या रविवारी त्याच्या जिभेवर मी तांदळाच्या कणीएवढा तुकडा ठेवला. तो थांबला, त्याने आईकडे पाहिले आणि गिळला.

आपल्या घरात, शेजारी असे लेकरू असेल तर त्याला उपदेश करू नका. गर्दी बाहेर काढा आणि त्याचा हात धरा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.

– आपले प्रमुख धर्मगुरू